मानशीचं दार

सकाळी सातची फेरीबोट, चोडणहून रायबंदर.
पिशवीत डबा, वही,
वहीत कालचा आकडा:
बावीस नंबर, एकशे चाळीसपैकी एकशे अकरा बरोबर.

ताळगावच्या पठारावर आमची एक खोली आहे
तिथे दिवसा रात्र असते.
उंदरांचं घड्याळ आम्ही उलटं लावलंय.
तांबड्या दिव्याखाली सांतान पिंजरे काढतो, वजनं घेतो,
प्रत्येकाला विचारतो,
"कितें रे पात्रांव, तान लागल्या?"
लागलेलीच असते.
तहानेवरच आमचं सगळं शास्त्र चालतं.

बावीसच्या मिशीला एक खांब शिवतो.
पुढे शिवला तर पाणी उजवीकडच्या नळीत,
मागे शिवला तर डावीकडच्या.
पण लगेच नाही.
खांब निघून जातो, आणि दीड सेकंद
स्पर्श नाही, आवाज नाही, पाणी नाही.
मग शिट्टी. मग जीभ.

त्या दीड सेकंदाचा मी चार वर्षं पगार घेते.
तेवढ्यात तो 'उजवीकडे' ठेवतो कुठे?
कपाळामागच्या काही पेशी बोलत राहतात,
स्पीकरवर त्यांची चरचर येते
तव्यावर सुंगटं टाकावीत तशी,
खांब गेला तरी थांबत नाही.
त्यांचं बोलणं खाली थॅलेमसकडे जातं,
तो ते पुन्हा वर पाठवतो,
वरचे पुन्हा खाली.
एकट्याच्या हातात काहीच राहत नाही.

गावात सोयरूकाका दरवर्षी मानशीच्या लिलावाला बसतो.
खाजनाच्या बांधात लाकडी दारं.
भरतीचं पाणी चढतं आणि स्वतःच ढकलून त्यांना मिटवतं,
ओहोटीला आतलं पाणी ती उघडून निघून जातं,
शेवटे तेवढे जाळ्यात.
त्याला एकदा मी बावीसची गोष्ट सांगितली.
जाळ्याची गाठ सोडवत म्हणाला,
"दार उदक आडायना गो. उदकच उदकाक आडायता."
मी ते वहीत उतरवलं.
सरांना ते पान दाखवलं नाही.

आम्ही कवटीतून निळा उजेड आत सोडतो.
डावी बाजू विझते, स्पीकर गप्प.
उजेड काढला की ती सावरते,
कारण मधल्या वेळात पलीकडच्या बाजूने
तिचा निरोप सांभाळलेला असतो.
दोन्ही बाजू विझवल्या
तर निरोप सांगायला कोणी उरत नाही.
शिट्टी ऐकून बावीस जीभ काढतो, कुठेही.
आपलं काही हरवलं हे त्याला कळतं का,
ते मोजायचं यंत्र अजून आमच्याकडे आलेलं नाही.

शुक्रवार त्याचा शेवटचा.
खांब काढून ठेवला होता,
निळा दिवा बंद, शिट्टी बंद, हिशेब संपलेला.
सांताननं बिनसुईच्या सिरिंजच्या टोकाशी
एक थेंब धरला त्याच्या तोंडासमोर.
काही न विचारता.
तहानलेला होता तो.
थांबला.
मिश्या पुढे केल्या, मागे केल्या,
हवेत कोणी नव्हतं.
मी मोजत होते हे मला नंतर कळलं.
मग प्यायला.

"बरयात मॅडम, हें बरयात," सांतान म्हणाला.
तक्त्यात त्यासाठी रकाना नव्हता.
मी समासात लिहिलं: थांबला.
शाई थोडी फुटली,
हात ओले होते.

सोमवारी काप केले, साठ मायक्रॉनचे.
सुरेख आले.
एकही फाटला नाही.