आधी सेटिंग्ज

मिल्टन कीन्समध्ये रस्त्यांना अक्षरं आहेत:
आडवे एच, उभे व्ही,
आणि ते भेटतात तिथे एक गोल.
एकोणीस वर्षं मी या गोलांच्या पाट्या आखल्या
कौन्सिलच्या दुसऱ्या मजल्यावर.
अक्षर केवढं असावं, म्हणजे साठ मैलांच्या वेगातही
माणसाला वाचता येईल,
एवढंच माझं काम.

आता नजरेच्या मधोमध डाग पडलाय,
भाकरी करपते तसा.
कडेकडेचं दिसतं.
ज्याच्याकडे बघावं तेवढंच जातं.

समोरच्या फ्लॅटमधला डेक्लन म्हणाला,
"मिसेस पॉन्क्शी, शहर बांधायचा खेळ घ्या."
(पोंक्षे त्याला आठ वर्षांत जमलेलं नाही.)
तो स्वतः एका हाताने खेळतो,
दुसरं बटण हनुवटीखाली, तिसरं गुडघ्याशी,
वय सतरा, आणि बोलतो
दहा किल्ले राखून आल्यासारखा.

पहिला खेळ फार सुंदर होता, असं तो म्हणाला.
मला धुकं दिसलं, आणि धुक्यात मुंग्यांची रांग.
ती म्हणे आकडेवारी.
दुसऱ्यात पाणी निळं, सांडपाणी जांभळं;
मी गावाला दोन्ही पाजलं.
तिसऱ्याला वाचा होती. बाण फिरवला की
आतली बाई म्हणायची: बटण. बटण. बटण. बटण.
कसलं, ते तिलाही ठाऊक नव्हतं.
चौथ्यात शत्रू आले तेव्हा मी अजून
तटबंदी कुठल्या मेन्यूच्या पोटात आहे ते चाचपत होते.
राज्य गेलं. चहा पण गार झाला.

घर पाहावं बांधून, म्हणतात आपल्यात.
बांधायला बसायच्या आधी
उंबरा ओलांडता यायला हवा,
हे म्हणीत राहूनच गेलं.

डेक्लन चित्रं बघतच नाही.
खेळ उघडला की आधी सेटिंग्ज,
भाड्याची जागा बघताना माझी आई आधी नळ सोडून बघायची तसं.
अक्षर वाढतं का? किती वाढतं?
रंग सोडून दुसरी खूण आहे का, रेघ, ठिपका, काहीतरी?
वेळ थांबतो का?
थांबलेल्या वेळात बांधता येतं का?
दोनदा नाही आलं की तो खेळ परत करतो,
पैसे मागून घेतो, वर कारण लिहितो.
एका हाताने, सावकाश, सगळं कारण.

सहावा कुणा तिघांनी मिळून केलेला, ओबडधोबड.
घर म्हणजे चौकोन, झाड म्हणजे त्रिकोण.
पण अक्षर वाढत गेलं, वाढत गेलं,
माझ्या पाट्यांएवढं झालं,
आणि बाई म्हणाली, इंग्रजीतच,
तरी ऐकताना शेजारीण जिन्यातून ओरडतेय असं वाटलं:
"पूर्वेला चौदा घरं. पाणी नाही."

चौदा घरं!
मी वेळ थांबवला आणि नळ टाकायला घेतले.
रात्रीचा दीड वाजला.
मुद्दाम एकही गोल केला नाही.
चौक केले, साधे,
माणसं थांबतात तसले.

सकाळी डेक्लनने चाकाची खुर्ची टेबलाला लावली,
माझी वस्ती गल्ली गल्ली फिरून आला.
"चारशे बारा माणसं," म्हणाला. "आणि सगळी चालतात."
मी बाईला एकेकाचं नाव विचारलं. खरंच.
काठीवालं कुणी नाही. चाकावरचं कुणी नाही.
आम्हाला दार उघडलं होतं,
आत बिऱ्हाड मात्र नव्हतं.

तो कारण लिहायला बसला.
मी दगडाची खाण विकली
आणि फुटपाथ दुप्पट रुंद केले, कडेला उतार दिले.
बाई म्हणाली:
"अनावश्यक खर्च. नागरिकांची मागणी नाही."

असू दे.
येतील.
वेळ थांबवलेलाच आहे.