पान एकशे बारा ते एकशे एकोणीस

डाव्या कोपऱ्यातलं कपाट मी कुलपात ठेवते.
नोटीस मीच लिहिली, निळ्या शाईत:
नववीपासून पुढे.
खाणी बंद पडल्या तरी डिचोलीची लाल धूळ
आतल्या पुस्तकांवर बसते;
तिला इयत्ता कोणी विचारत नाही.

कारण आहे. सांगते.
पाचवीतल्या एका मुलाला मीच दिलं होतं एक,
मुखपृष्ठावर होडी होती म्हणून,
आत न बघता.
आत आढ्याला लटकलेला बाप होता.
तीन रात्री पोरगा झोपला नाही.
चौथ्या दिवशी त्याची आई आली, ओरडली नाही,
टेबलावर पुस्तक ठेवून एवढंच म्हणाली,
"बाये, तुवें हें वाचून पळयल्लें?"

तेव्हापासून सगळं वाचते.

मृण्मयी च्यारी, सातवी ब.
कपाट तिच्या बापाने केलेलं, फणसाच्या लाकडाचं,
म्हणून तिला माहीत होतं
की उजवं दार जरा वर उचललं
तर कुलूप असूनही हात जाईल एवढी फट पडते.
उचललं नाही तिने. सांगितलं फक्त.
मग म्हणाली, "ते हिरवं पाहिजे."
"नववीत ये."
"वाईट पानं किती आहेत त्यात?"
वाईट मी म्हटलं नव्हतं.
तरी मोजून सांगितली: आठ.
"मग बाकीची द्या."

रविवारी घरी बसून
एकशे बारा ते एकशे एकोणीस
सुईदोऱ्याने कडेने टाचली,
उशीची खोळ शिवावी तशी.
गाठ आईच्या पद्धतीची,
दुसऱ्या कुणाला जमत नाही.

नऊ दिवसांनी पुस्तक परत आलं.
गाठ तशीच. दोरा मळलेला,
बोट फिरून फिरून.
"उघडलं नाही," ती म्हणाली.
"पण एकशे वीसपासून ती बाई
विहिरीवर जात नाही, कुणाशी बोलत नाही,
सगळे तिलाच दोष देतात.
मीपण दिला, शेवटपर्यंत.
मॅडम, मधे काय झालं तिला?"

मधल्या सुट्टीची सहा मिनिटं उरली होती.
वाळपयची बस हॉर्न मारून गेली.
मी पुस्तकातल्या मराठीत सुरुवात केली,
"त्या संध्याकाळी..." आणि अडले.
मग घरची कोंकणी धरली,
तिच्यातही त्या गोष्टीला शब्द मिळेना;
आईने मला तो कधी दिलाच नव्हता.
तिच्याकडे तर कपाटही नव्हतं.

"बस गो हांगा," म्हटलं,
आणि गाठ सोडवायला घेतली.
माझीच गाठ. नखाला येईना.
घंटा झाली, ती उठली नाही.

नोटीस अजून आहे तिथे.
काढायला दोनदा स्टुलावर चढले.
तो पाचवीतला मुलगा आता आठवीत आहे,
होडीचं चित्र आलं की
अजून पान उलटतो.