एकतीस अंश

सर्जेकोटला हरचंद्रकाकांच्या खळ्यात
मी बुटांचा खोका उघडला
तेव्हा आधी मांजर येऊन वास घेऊन गेलं.
मग काका आले, उजवा पाय ओढत,
उजवा हात सदऱ्याच्या खिशात.
हल्ली तो तिथेच ठेवतात,
शेजाऱ्याकडून उसना आणल्यासारखा.

गेल्या श्रावणात अर्धं अंग गेलं.
त्याआधी हाच हात
रापणीचं फाटकं जाळं शिवायचा,
बोलता बोलता, तिकडे न बघता.
बांबूची सुई, दोन बोटांचं माप, गाठ,
पुन्हा गाठ.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चप्पल बंद.
टाच धरणारा बूट, आणि रोज चालायचं.
बूट आला. नाडीचं काय?
काकी बांधायला वाकली की हे ओरडणार,
"माका काय शाळेत धाडतंस?"

मी मालवणात पोरांना धातू शिकवते.
निकेल आणि टायटॅनियमची तार,
शिवणाच्या दोऱ्याएवढी.
मोटर नाही, बॅटरी नाही.
गार असते तोवर सैल,
ऊब लागली की तिला आपलं आखूडपण आठवतं.
आम्ही एकतीस अंश ठरवले.
पाय आत गेला की बूट आवळणार.
एसीच्या खोलीत, गरम पाण्याच्या पिशवीवर
चोपन्न वेळा आवळला,
चोपन्न वेळा सुटला. वहीत नोंद आहे.

"गाठ खंय आसा?"
गाठ नाही, काका. आपोआप.
"गाठ नाय तर सुटतला कसा?"
मी हसले. शिकलेली माणसं हसतात तसं.

चहा होईतो बूट उन्हात राहिले,
आमसुलं वाळत घातलेल्या चटईच्या कडेला.
परत येऊन बघते तर
दोन्ही बूट गच्च आवळलेले,
आत कोणीच नाही.
एप्रिल. खळ्यात सावलीतसुद्धा चौतीस.
चोपन्न नोंदींमध्ये
एकदाही कोकण नव्हतं.

काका हसले.
अर्धंच तोंड हलतं आता,
पण हसू पुरं होतं.

काकीने विहिरीचं पाणी ओतून बूट निववले.
पाय घातला. तारेने घोटा धरला,
हळू, ओळखीच्या माणसाने मनगट धरावं तसा.
काका पुळणीपर्यंत चालत गेले,
मी मागे मागे, मिनिटं मोजत.
होड्यांपाशी बसले, बूट काढायला गेले.
"सुटत नाय गो."
मी ओढून पाहिलं. फुंकर मारली.
धातुशास्त्राची एम.टेक. बाई
वाळूत बसून बुटावर फुंकर मारते आहे
आणि जाळी झटकणारी दोन पोरं बघताहेत.

काका उठले ते सरळ पाण्यात,
घोटाभर, मग गुडघाभर.
"खाऱ्यात गंजतली काय?"
नाही गंजणार. एवढं मात्र खात्रीने सांगता आलं.
ते खाली बघत उभे राहिले,
भरलेली रापण किनाऱ्याशी येताना बघत तसे.
दुसऱ्या लाटेला तार ढिली पडली.
तिसरीला बूट निघाला
आणि तरंगत माझ्याकडे आला.

म्हटलं, घेऊन जाते, खटका बसवून आणते.
"ऱ्हवांदे. दर्या सोडता मां."

महिन्याने गेले. रोज जातात म्हणे,
येताना ओले बूट हातात.
वर पाहिलं तर डाव्या बुटाला, जो पाय धड आहे त्याला,
काही नव्हतं. उजव्याला तारेवरून
जाळ्याचा निळा दोरा, एका हाताने घेतलेला,
दातांनी ओढलेला,
टोकाला अजून चावल्याची खूण.
मी त्याकडे बघतेय हे त्यांनी बघितलं.
"हिचो काय भरवसो," म्हणाले तारेला,
आणि खिशातला हात
थोडासा बाहेर आला, पाहुण्यासारखा.

वहीत पंचावन्नावी नोंद करायला घेतली.
तापमानाच्या रकान्यात काय लिहावं
ते अजून ठरत नाहीये.