वास

हेडाऊ वहिनी तिसऱ्यांदा फाटकाशी आल्या.
"काकू, वरच्या खोलीतून वास येऊन राहिला नं.
तुम्हाला नाही येत?"

नाही येत.
दुसऱ्या लाटेत ह्यांना मेडिकलला नेलं, परत आणलं नाही,
तेव्हापासून माझं नाक म्हणजे
चष्मा टेकायची जागा.
फोडणी करपली तर धूर बघून कळतं.
मानेवाड्यात हे कुणाला सांगितलेलं नाही.
घरमालकिणीला नाक हवं.

म्हणून जिना चढले. सोळा पायऱ्या.
"बेटा, राग मानू नको" पाचवीवर टाकून दिलं.
"लोक बोलतात" नवव्या पायरीवर.
"मोजे धूत जा" एवढं मात्र दारापर्यंत हातात राहिलं,
गरम वाटीसारखं,
ठेवू कुठे कळेना.

प्रणय निखाडे. वणीचा. बुटीबोरीत हिशेब लिहितो.
दार उघडलं आणि तोच
दोन पावलं मागे सरकला.
सवय असावी.

"कशाचा म्हणून राहिले, काकू? मासळीचा?"
मी मान हलवली, ती हो होती की नाही
मलाच ठाऊक नाही.
त्यानं मोरी उघडून दाखवली:
चार साबण, तुरटी, बादलीत कडुनिंबाचा पाला.
डॉक्टरच्या चिठ्ठीवर रोगाचं नाव, ओळभर लांब.
"धुण्यानं जात नाही जी. आतूनच येते.
अंडी सोडली, वाटाणे सोडले.
ही चौथी खोली.
महिनाअखेर जातो, डिपॉझिटचं तेवढं पाहा."

मी विचारलं, कसा असतो रे?
तो बघतच राहिला.
मग सांगावं लागलं.
नाकाचं.
ह्यांच्या सदऱ्यात तोंड खुपसून
वर्षभर शोधल्याचं.
ते सदरे अजून धुतले नाहीत,
मला नाही तर नाही,
कुणाला तरी येत असेल.

तो खाली आला. वहिनी गच्चीवरून पाहत होत्या.
कपाटातला पांढरा सदरा काढून दिला.
बराच वेळ हुंगला त्यानं.
"डांबरगोळी आहे, काकू. डांबरगोळीच जास्त."
थांबला.
"कॉलरला थोडा खर्रा."

खर्रा!
आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून
सांगितलं होतं, सोडला म्हणून.
मी हसले की काय, आठवत नाही.
पलंगावर बसले एवढं खरं.

वहिनींचं काही मिटलेलं नाही.
त्यांच्या बाजूची खिडकी पक्की बंद केली,
मागची, पेरूकडची, पाडून दिली,
गवंड्याचे साडेतीन हजार गेले.
त्या अजून पदर नाकाला लावतात.
एखादेवेळी खरंच येत असेल.

परवा अकरा महिन्यांचा करार पुन्हा टाईप झाला.
"सदर इसमाचे वास्तव्य" असं लिहिलंय वकिलानं.
तो शब्द दोनदा वाचला, सही केली.
भाडं तेच ठेवलं.
पाण्याचे दोनशे वाढवले,
दिवसातून चारदा आंघोळ करतो तो.