माले आवाज पाहिजे

हातिमभाईंनी कालच्या पेपरवर मांडले तिन्ही प्रकार.
पांढरा रोलरवाला : स्वस्त, दोन वर्षांत चाक कुरकुरतं.
छर्ऱ्यांचा टेलिस्कोपिक : पूर्ण बाहेर येतो, पंचेचाळीस किलो झेलतो.
आणि हा, म्हणाले, सॉफ्ट क्लोज.
ढकलायचं नि विसरायचं,
शेवटचे दोन इंच तो आपल्या मनानं जातो,
चोरपावलांनी.
"बेडरूमला हाच न्या, मिस्तरी. झोपलेलं लेकरू उठणार नाही."

धुळ्याची पाचवी गल्ली, दुपारचे दोन, शटरं अर्धी खाली,
चव्वेचाळीस डिग्रीत पंखा गरम हवा वाटतोय.
मी चॅनेल उघडतो, मिटतो, उघडतो.
हाताला कळतं, माल चांगला आहे.
कौतिकताईंना चालणार नाही.

देवपुरात घर त्यांचं. बारा खणांचं कपाट,
जुन्या चौकटी मोडून निघालेला तळोद्याकडचा साग.
मी माप घेत होतो तेव्हा त्या चहा घेऊन आल्या
आणि बशी टेकवायच्या आधीच म्हणाल्या,
"भाऊ, माले आवाज पाहिजे."
कसला?
"खनना."

भामरेअण्णा एसटी डेपोत स्टोअरकीपर, एकतीस वर्षं.
नट, वायसर, क्लचप्लेट, फॅनबेल्ट,
लाइट गेली तरी बरोबर त्याच खणात हात.
आता मुलीचं नाव सापडत नाही.
पण रात्री तीनला उठतात,
घरातले सगळे खण उघडून बसतात,
शिरपूरची गाडी खोळंबलीय म्हणून.
ताईंना अलीकडे गाढ झोप लागते.
तीच भीती.

म्हणून हातिमभाईंना म्हटलं, यातलं काहीच नको.
"लाकडावर लाकूड? आजच्या जमान्यात?"
त्यांनी चॅनेल पेपरात परत गुंडाळले.
रागावले नाहीत, पण चहाही सांगितला नाही.

अंजनाच्या पट्ट्या काढल्या.
रंध्याचं पातं दोनदा पाजळावं लागलं, इतकं हट्टी लाकूड.
लोखंडी चॅनेल दोन्ही अंगांनी अर्धा अर्धा इंच खातो,
ही पट्टी मागते एक सूत,
पण त्या सुतात तिचं सगळं राजकारण :
मे महिन्यात खण ढिला, खुळखुळा;
श्रावणात फुगून बसतो
मानपानावरून अडलेल्या व्याह्यासारखा.
मेण घासलं की मुका होतो.
मी मेण घासलं नाही.

म्हणजे खालच्या आठांना नाही.
वरच्या चार खणांना घासलं, ताईंना न विचारता.
तिथं त्यांचं स्वतःचं राहील,
आणि त्यांनाही कधी वाटेल
की कुणाला कळू न देता काहीतरी काढावं.

मागे एकेक गुटका ठोकला,
कितीही जोरात ओढला तरी खण पायावर यायला नको.

बसवायला गेलो तर अण्णा खुर्चीत.
उठले. तिसरा खण ओढला.
खर्रर्र.
परत लावला. परत ओढला.
पट्टीवरून बोट फिरवलं, उलट्या नखानं वाजवून पाहिलं.
"बेअरिंग नाही याला."
नाही अण्णा.
"बरं केलं. धुळ्याची धूळ बेअरिंग खाते."
मग बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले,
मी खिडकीपलीकडे उभा, मागे रांग असल्यासारखे.
"इंडेंट आणलंय?"

खिशात हातिमभाईंची चिठ्ठी होती,
तीन चॅनेलचे तीन भाव, पेन्सिलीनं.
तीच दिली.
त्यांनी वाचली, एक भाव खोडला,
खाली सही केली, अजून तशीच ठसठशीत,
चिठ्ठी खणात टाकली आणि खण लावला.

आतल्या खोलीतून ताई म्हणाल्या,
"उना. ऐकू उना."

सातवा खण जरासा अडतोय.
दिवाळीला लाकूड सुकलं की येतो म्हटलं
एक हात मारायला.
अर्ध्या सुताचाच प्रश्न आहे.