लाभार्थ्याशी नातं

रोलातलं आमचं एक्स्चेंज, काउंटर चार.
काचेला खाली अर्धचंद्राएवढं भोक,
त्यातून दिरहम आत येतात, घामाने मऊ झालेले,
आणि पावती बाहेर जाते.
बिल्ल्यावर माझं नाव : नसीमा मुकादम.
बाणकोट बिल्ल्यावर नाही,
पण मी 'सुटे आहेत का' म्हटलं की आपली माणसं ओळखतात.

फॉर्मवर एक रकाना आहे : लाभार्थ्याशी नातं.
लोक विचार न करता लिहितात.
आई. भाऊ. मुलगी. एकाने लिहिलं होतं, गवंडी.
दत्ताराम हिंदळेकर मात्र तिथे थांबले.
हमरियाच्या यार्डात फोरमन, अठ्ठावन्न वय,
नखांत वेल्डिंगची काळी रेघ.
मग शाळेतल्या अक्षरात लिहिलं :
होणारी पत्नी.

चौथी खेप ही.
आधी तिचा मोबाइल बिघडला,
मग आईचं ऑपरेशन, मग तिकीट,
आता म्हणे कस्टमवाल्यांनी अडवलंय.
"व्हिडिओवर बोलता का?" मी नोटा मोजता मोजता विचारलं.
"कॅमेरा फुटलाय मृणालचा."
"चौदाशे दिरहममध्ये कॅमेऱ्यासकट दोन फोन येतील, काका."
ते हसले. मग भोकाशी तोंड आणून हळूच :
"रोज रात्री साडेनऊला विचारते, जेवलात का.
अकरा वर्षं झाली इथे.
मेसवाल्यानेही कधी विचारलं नाही."

दराच्या पाटीवर पेसो होता, टाका होता, रुपया होता.
'जेवलात का'चा भाव नव्हता.

मृणाल मिरजेची. खातं मिरजेचं नव्हतं,
आणि नाव कुठल्याशा ट्रेडर्सचं.
टाइप करताना माझी बोटं अडली.
चेहरे विसरतात बोटं, आकडे नाही.
हेच आकडे मंगळवारी दाबले होते
कुंदा गेडामसाठी. अजमानच्या क्लिनिकात नर्स,
तिचा तो उत्तर समुद्रात, तेलाच्या जहाजावर,
विधुर, मुलगी हॉस्टेलात.
रकान्यात ती 'मित्र' लिहिते, खोडते,
आणि परत 'मित्र'च लिहिते.

एका गिऱ्हाइकाचं दुसऱ्याला सांगायचं नाही.
नियम आहे, आणि नियम बरोबरच आहे.
वरच्या ऑफिसला मेल केला होता मी बुधवारी.
उत्तर आलं : नोंद घेतली आहे.

तेवढ्यात दार उघडलं. नाइट ड्युटीचा पांढरा कोट हातावर,
टोकन बासष्ट, कुंदाच.

मी खोटं बोलले.
म्हटलं, सर्व्हर बंद आहे, बसा जरा दोघं,
फॉर्म तेवढे नव्याने भरा.
पेन एकच दिलं.

एसीखाली दोन खुर्च्या, मध्ये पाण्याचा कॅन.
कुंदा पर्समध्ये हात घालून शोधत राहिली.
"चष्मा रूमवर राहिला. काका, हे जरा वाचता का?
मी लिहिते."
हिंदळेकरांनी तिचा फोन लांब धरला
आणि मोठ्याने वाचायला लागले,
पाच, शून्य, एक, एक, आठ...
सहाव्या आकड्याला त्यांनी स्क्रीनवरून नजर काढली.
आकडे तरी येतच राहिले.
शेवटपर्यंत. एकही चुकला नाही.

कुंदाचं पेन थांबलं.
मी उगाच रबरबँड मोजत होते.
कॅनमध्ये एक बुडबुडा वर आला, फुटला.
नर्सच ती, तिने काही विचारायच्या आधी
त्यांचं मनगट धरलं, दोन बोटांनी.

साडेनऊला हिंदळेकरांच्या खिशात उजेड पडला.
शर्टाच्या कापडातून निळा दिसत होता.
त्यांनी फोन काढला, तिच्यापुढे धरला.
चष्मा नसतानाही तिला वाचता आलं.

"मला पावणेदहाला येतो," ती म्हणाली.

शटर अर्धं खाली आलं होतं.
सर्व्हर चालू असल्याचं मी कुणाला सांगितलं नाही.
दोन फॉर्म मांडीवर, रकाने कोरे,
दोघं तिथेच बसून राहिली
पावणेदहा वाजायची वाट बघत.