लोकेशन रेकी, सावर्डे

फोंतेन्यसमधल्या निळ्या घराचं भाडं
दिवसाला बावीस हजार, गच्ची वेगळी,
आणि मांजर फ्रेममध्ये आलं तर त्याचं नंतर बघू,
असं मालक हसत म्हणाला.
आम्ही कोकम सरबत प्यायलो, आभार मानले.
स्कूटरवर बसता बसता सुकांतीने
वहीतलं घर खोडलं.

त्याआधी समुद्र खोडला होता.
परवानगी, डिपॉझिट,
शिवाय पर्यटक कॅमेऱ्याकडे बघून हात हलवतात.
समुद्र आता नुसता ऐकू येईल :
मेल्विनने बेतूलहून मध्यरात्री मोबाईलवर भरून आणलाय.
मध्येच एक कुत्रं भुंकतं.
ते ठेवायचं.

अकरा जागा होत्या माझ्या पटकथेत.
लिहिताना शाईला भाडं पडत नाही,
माणूस खुशाल विमानतळ लिहून जातो.

सावर्डेला थांबलो ते खरं तर जेवायला.
पुढे लाल रस्ता, बंद खाणीचं ऑफिस,
फाटकाशी झिलू वेळीप, वॉचमन.
पगार अर्धा, तोही दोन महिने मागे,
तरी खाकी शर्टाला इस्त्री.
“हांगा आता कोणूच येना,” म्हणाला,
आणि किल्ल्यांचा जुडगा असा पुढे केला
जसा पाहुण्यापुढे पाण्याचा तांब्या.

कॅशियरची जाळी : ही बँक.
प्रथमोपचाराची खोली, तिला हिरवा पडदा लावू : इस्पितळ.
कँटीनमध्ये चाळीस माणसांची बाकं,
लग्नाला पुरेत, नवरीकडचे कमी दाखवू.
जिना मात्र बाहेरचा, लोखंडी,
कोर्टाचा वाटेचना.
मग निकाल जिन्याखालीच ऐकू दे बाईला.
बहुतेक जणी तिथेच तर ऐकतात.

टेम्पो एकदाच भरायचा, एकदाच उतरवायचा.
चार दिवस.
मडगावच्या ऑफिसातून चिठ्ठी आणायला
मला पाच फेऱ्या पडल्या,
त्या हिशेबात कुठे धरायच्या कळलं नाही.

झिलूने चार दिवसांचे चार हजार मोजून घेतले,
एक नोट फाटकी निघाली ती बदलून मागितली.
मग फाटकाकडे बघत म्हणाला,
जनरेटर आहेच तुमचा,
तर जाताना एकदा काटा चालू करूया.

ट्रकांचा वजनकाटा.
शेवटच्या रात्री आम्ही सगळे त्यावर चढलो :
नऊ माणसं, कॅमेरा, दोन लाईट, भाताचं पातेलं,
वृंदा अजून पेशंटच्याच कपड्यांत.
केबिनमध्ये लाल आकडे पेटले.
सातशे चाळीस. सातशे साठ. परत चाळीस.
कोणीतरी हसत होतं.

झिलूने खणातून पावतीपुस्तक काढलं,
कार्बन झटकला, खुर्ची पुढे ओढली.
गाडी नंबरपुढे रेघ मारली.
मालापुढे काय लिहावं
म्हणून काचेतून आमच्याकडे बघत राहिला,
आणि मग एकदम ओरडला,
“हालूं नाकात!”

चार दिवसांत माझ्या सांगण्यावरून
एवढं स्तब्ध कोणी उभं राहिलं नव्हतं.